मागी कणगीपाशी असताना

आत्याबाई, मागी काल पोचले.

सांजेला, कंदील लावायच्या वेळेस. ओसरीच्या देवळीत, मातीच्या बाळ येशूसमोर तिघं ओळीनं उभे राहिले, मी हात पदराला पुसले आणि मागं वळले, तर सवयीनं तुम्हालाच बोलायला तोंड उघडलं होतं. "झालं का समाधान?" असं विचारणार होते. दरवर्षी विचारायची तसंच, जरा ठसक्यात. मग तोंड मिटलं आणि आत जाऊन चहा टाकला. तेव्हापासून हे सगळं तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालंय. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला ऐकायची घाई नसणार, हे सुनेइतकं दुसऱ्या कुणाला माहीत आहे?

घाईचं आणि तुमचं कधी जमलंच नाही. माझं तर घाईशिवाय काही होत नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे नाताळ म्हणजे दोन दिवसांची पळापळ. आदल्या दिवशी घर धुवायचं, नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीपुढं नंबर लावायचा, नाताळाला उपासनेहून आलं की पाहुण्यांची रीघ, आणि दुसऱ्या दिवशी घरातली सगळी माणसं आडवी. लग्न होऊन मुरुमला आले. डिसेंबर तोंडावर आला आणि आगमनाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी तुम्ही माझ्या हातात एक टोपली दिलीत. आत कडब्याच्या चुऱ्यात तीन मातीची माणसं, तीन बैलांवर बसलेली.

"ह्ये मागी. परसदारी ठेव जा."

मागी मला ठाऊक होते. पूर्वेकडचे ज्ञानी लोक, आकाशात तारा दिसला म्हणून बाळ येशूला बघायला निघालेले. आमच्या शाळेच्या नाटकात माझाच भाऊ कागदाची दाढी लावून मागी झाला होता. पण ते उंटावरून येतात, आणि नाताळाच्या दिवशी गव्हाणीपाशी हजर असतात. हे बैलांवर कसे? आणि मागच्या दाराला कशाला?

बैलांचं मग तुम्हीच सांगितलंत, हसत हसत. तुम्ही मल्लू कुंभाराकडं गेलात. त्यानं जन्मात उंट पाहिलेला नव्हता. "कसा असतो?" म्हणाला. तुम्ही सांगितलंत, चार पायांचा, अंगानं थोराड, पाठीवर वशिंड, माणूस बसवून लांबचा पल्ला गाठणारा. "मंग बैलच की अव्वा," असं म्हणून तो पोळ्याला करतो तसे बैल करून मोकळा झाला. दुसरी एखादी असती तर परत करायला लावले असते. तुम्ही घेऊन आलात. "उंट काय, बैल काय. यायचं म्हंजी झालं," म्हणालात. फक्त हिशेब बदललात. बैलाच्या चालीनं येणारी माणसं उंटाच्या वेळेला कशी पोचतील? म्हणून तुमच्या घरात मागी पहिल्या रविवारी परसदारातून निघायचे आणि सहा जानेवारीला ओसरीत पोचायचे. परसदार, गोठा, रांजण, जातं, चूल, कणगी, माजघर, उंबरा, ओसरी. कुठं दोन मुक्काम, कुठं पाच-सहा. पुढं सरकवायचा मान फक्त तुमचा. सांजेला बैलांपुढं चिमूटभर कडबा टाकायचात आणि वर दोरीला कागदाची चांदणी, आत दिवा. तीही त्यांच्याबरोबर जागा बदलत यायची.

इथवर ठीक होतं. मला गंमतच वाटली. खरी मेख पुढं होती. मागी जिथं उतरतील तीच जागा झाडायची, सारवायची, तिथलंच काम काढायचं. ते जात्यापाशी आले की करंजीचं दळण. चुलीपाशी आले की चूल पोतारायची आणि तळण. कणगीपाशी आले की धान्य उन्हात घालायचं. एक जागा, एक काम. दुसऱ्या कामाला हात लावला की तुम्ही तिथूनच हाक मारणार, "तिकडं कुणी आलंय का अजून?"

आणि नाताळाच्या दिवशी मागी असायचे चुलीपाशी! म्हणजे सणाच्या दिवशी ओसरी तशीच. वर्षभराचे पोपडे, कोंबड्यांनी उकरलेली जमीन, दारात ना तोरण ना चांदणी. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं ह्या घरात काही दुखवटा आहे. पाळकसाहेब सपत्नीक आले तर तुम्ही त्यांना ओसरीतून, माजघरातून चालवत थेट चुलीपाशी नेलंत आणि पाट दिलात. मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते गेल्यावर मी तुम्हाला धारेवर धरलं. नवी नवरी होते, तरी धरलं.

"आत्याबाई, निदान नाताळापुरती ओसरी आधी सारवली असती."

"त्ये अजून चुलीपाशी हायत अन् तू ओसरी सारवतीस? कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी!"

"मंग तेबी पाव्हणेच हायत की. अन् पाळकसायेब चुलीपाशी बसले म्हणून काय झिजले व्हय? दोन करंज्या जास्तच खाल्ल्या."

खाल्ल्या होत्या हे खरं. पण म्हणून मी ऐकणार होते थोडीच! दुसऱ्या वर्षी तुम्ही उपासनेला गेलात ती संधी साधून मी पदर खोचला आणि ओसरी सारवून लख्ख केली. आल्यावर तुम्ही लख्ख ओसरीकडं बघितलंत. कडेकडेनं आत गेलात. मला वाटलं, जिंकले. मग पाच जानेवारीला सकाळी बघते तर तुम्ही शेणाचा पोहरा घेऊन ओसरीत बसलेल्या. "सारवलंय की," मी म्हटलं. "शिळं झालं," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून दरसाल तेच भांडण, त्याच शब्दांत. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद स्टेट गेलं, आपण मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, पण तुमचे मागी काही चार पावलं भराभर चालले नाहीत.

राज्यावरून आठवलं. त्यातल्या एका मागीच्या डोक्यावर मल्लूनं तांबडी रुमी टोपी घातली होती. त्याच्या मते मोठा ज्ञानी माणूस म्हणजे निजामाच्या कचेरीतला अंमलदार. पोलीस अॅक्शननंतर आमच्या ह्यांनी, म्हणजे तुमच्या दाविद मास्तरनं, चुना लावून तिची गांधी टोपी करून टाकली. तुम्ही त्यांना काय बोललात ते हे अजून सांगतात. "राज बदललं म्हणून वाटसरानं टोपी बदलावी व्हय रे?" आता चुन्याचे टवके उडालेत आणि तांबडं दिसायला लागलंय. त्या मागीकडं बघितलं की मला नेहमी एखादा जुना कारकून आठवतो, दोन्ही सरकारांची नोकरी केलेला.

तुमचा हा संथपणा आळस नव्हता, हे कळायला मला वेळ लागला. मिशनची बायबलबाई म्हणून तुम्ही बायबलच्या गोष्टी सांगत बैलगाडीतून गावोगाव हिंडलात. चित्रांची गुंडाळी काखेत, दशमी फडक्यात. एकदा जात्यावर बसलो असताना तुम्ही ते सांगितलंत. पीठ पडत होतं आणि तुम्ही माझ्याकडं न बघता बोलत होता. तुमच्या लग्नाला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. डिसेंबरात लांबच्या खेड्यावर गेलात आणि गाडीचा आख मोडला. सुतार मिळेना, मग ताप भरला, कुणाच्या तरी गोठ्यात पडून राहिलात. घरी आलात तेव्हा नाताळ, नवं वर्ष सगळं उलटून गेलेलं, सहा जानेवारीची सांज. घरात ना फराळ ना दिवा. मामंजी भाकरी-कोरड्यास खात बसलेले.

"म्या म्हणलं, 'सण केला न्हाय व्हय तुमी?' तर म्हणले, 'कुणासंगं करू?'"

एवढंच सांगून तुम्ही पुढची मूठ जात्यात टाकलीत. दोघांनी त्या रात्री करंज्यांचं काढलं आणि तिथून सण निघाला म्हणे. मी जात्याचा खुंटा धरून दळत राहिले. पण त्यानंतर ओसरीवरून भांडताना माझ्या आवाजातली धार गेली, आणि ते तुमच्या लक्षात आलं असणार. कारण तुम्हीच मुद्दाम उकरून काढायला लागलात. "यंदा न्हाय भांडायचं व्हय?"

आणि एक गोष्ट आपण दोघी कधीच बोललो नाही. थोरल्या भावजींची.

शमुवेल भावजी सोलापूरला गिरणीच्या कचेरीत. दर नाताळाला येतात, बायकोमुलांना घेऊन, सगळ्यांना कपडे आणतात. त्यांच्यात खोट काढायला जागा नाही. पण दोन जानेवारी आली की त्यांची पिशवी भरलेली. मागी तेव्हा माजघरात. कचेरी, रजा, साहेब. तुम्ही कधी "राहा" म्हणाला नाहीत. सोलापूरची बस धरायला हमरस्त्याच्या मोडावर जाणारा टांगा दिसेनासा झाला की तुम्ही आत यायचात आणि त्या दिवशी मागींना जागचं हलवायचा नाहीत. आम्ही सगळे कानाडोळा करायचो. एकदा मी न राहवून म्हटलं, "चार दिवस थांबा म्हणा की त्यांना, तुमचं ऐकतील." तुम्ही म्हणालात, "ज्याला पोचायचंय त्यो पोचतो. वडून आणलेला पोचलेला नसतो." मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. तुमची वाट बघायची ताकद मोठी होती, पण आत्याबाई, मला वाटतं तुमचा मानही तेवढाच मोठा होता.

यंदा तुम्ही गेलात तेव्हा मागी कणगीपाशी होते.

सकाळी चहा घेतलात, बशी खाली ठेवलीत आणि भिंतीला टेकलात. मला वाटलं डोळा लागला. पुढचं लिहीत नाही. तुम्ही होता तिथंच.

बायका जमल्या. तुम्हाला ओसरीत आणायचं ठरलं, आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीवर गेल्या. पोपडे, उकरलेली माती. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मास्तराचं घर, अन् नाताळात ओसरी सारवली न्हाय." एक जण चांगल्या मनानं पोहरा घेऊन आली, "दोन हात फिरवते, किती येळ लागतोय." मी तिच्या हातातून पोहरा काढून घेतला. "नको," म्हटलं, "अजून वेळ आहे." तिला वाटलं मला भ्रम झाला. झाला नव्हता. मी उभ्या जन्मात इतकी शुद्धीवर नव्हते. ज्या ओसरीसाठी मी तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडले ती तुमच्याच नावानं सारवून तुमचा शब्द मोडायचा? तसा तर नाही मोडू देणार.

तुम्हाला तिथं निजवलं आणि मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! मागी मागं कणगीपाशी आणि तुम्ही ओसरीत. जन्मभर आम्हाला हळू हळू म्हणत आलात, आणि त्यांना अर्ध्या वाटेत सोडून स्वतः पुढं निघून आलात. एकदाच घाई केलीत, आणि ती ही. मी रडले ती त्या रागानंच रडले.

भावजींना यंदा नाताळाला रजा मिळाली नव्हती, ते तारेवर बायकोमुलांसह लगेच निघाले. माती त्यांच्या हातानं झाली. परत आल्यावर सगळे माजघरात टेकलेले. सांज व्हायला आली तशी शेजारची नागम्मा परसातल्या गडग्यावरून डोकावली. इतकी वर्षं ती रोज त्या वेळेला डोकावून तुम्हाला एकच प्रश्न विचारायची. त्या दिवशी दिवसभर रडून तिचा आवाज बसलेला, तरी सवयीनं विचारून गेली,

"अव्वा, आज कुटं मुक्काम तुमच्या बैलवाल्यांचा?"

आणि मग जीभ चावली. मी उठले. कणगीपाशी गेले. आतापर्यंत मी त्यांना कधी हात लावला नव्हता, तो मान तुमचा. तिघांच्या पुढं चिमूटभर कडबा टाकला, चांदणीतला दिवा लावला आणि नागम्माला मोठ्यानं सांगितलं, "कणगीपाशीच हायत. उद्याबी हितंच. बैल दमलेत." मग ती गडग्याला धरून पुन्हा रडली आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला माणसं. पाळकसाहेब, हेडमास्तर, तालुक्याची मंडळी. मी एकेकाला कणगीपाशी नेऊन बसवलं. भावजींना ते बघवेना. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"एस्तेर, लोक काय म्हणतील? ओसरीत सतरंजी टाक. आणि ते मागी आता उचल. दुःखाच्या घरात सण कसला? मी त्यांना सोलापूरला नेतो. काचेच्या कपाटात राहतील, आईची आठवण म्हणून. इथं एखादं पोर फोडून ठेवील."

"न्या," मी म्हटलं, "पण पोचू द्या आधी."

"अगं, आता कुणासाठी?"

आत्याबाई, बरोबर तुमचाच शब्द. कुणासाठी? खोटं कशाला बोलू? कुणासाठी ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "कुणासाठी ते मला विचारू नका भावजी. पण कणगीपाशी, अर्ध्या वाटेत, मी त्यांना पेटीत घालणार नाही. तुम्ही थोरले आहात, तुमचं सगळं ऐकेन. हे ऐकणार नाही." हे दारात उभे होते. एरवी भावापुढं ब्र न काढणारा माणूस, पण म्हणाले, "दादा, तिचं बरोबर आहे."

भावजी तडक परसात निघून गेले. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षाही जास्त काहीतरी होतं.

दोन तारीख आली. पिशवी भरलेली. जाऊबाई मुलांच्या शाळेसाठी पुढच्या बसनं जायला निघाल्या. टांगा दाराशी. मी मागींना माजघरात आणून पेटीवर ठेवत होते, तेव्हा भावजी पायात चपला घालून निरोप घ्यायला आत आले आणि बघत उभे राहिले. मला तुमची आठवण झाली. तुम्ही त्या क्षणी काय करायचात ते माहीत होतं. मान खाली घालून चांदणीची वात सारखी करायचात. मी मान वर केली.

"भावजी, राहा."

बस्स. तुम्ही इतक्या वर्षांत जो शब्द उच्चारला नाहीत तो मी सरळ बोलून टाकला. "तुम्ही ह्यांना कधी पोचलेलं पाहिलंय का?" असंही विचारलं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "नोकरी लागल्यापासून नाही." आणि थोड्या वेळानं, "ती एकदाही म्हणाली नाही गं. मला वाटायचं, हिला काय, आपण असलो काय, नसलो काय."

ऐकताय ना आत्याबाई? ह्याच्यावर तुमचं-माझं भांडण कायम आहे, आणि ह्यात मी माघार घेणार नाही. तुम्ही त्यांना ओढून आणायचं नाही म्हणून गप्प राहिलात, आणि ते बोलावलं नाही म्हणून निघून जात राहिले. दोघंही एकाच कणगीतले दाणे! तुमच्याकडून मी हळू चालायला शिकले, त्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण गप्प बसायला शिकणार नाही.

जाऊबाई मुलांना घेऊन गेल्या. भावजींनी कचेरीला तार केली आणि राहिले. मागी उंबऱ्यापाशी आले त्या दिवशी त्यांनी कुठून तरी पांढरी माती आणली, बाह्या सरसावल्या आणि ओसरीच्या भिंती पोतारायला घेतल्या. गिरणीच्या कचेरीतला माणूस, निम्मी माती अंगावर. खाली मी सारवत होते. नागम्मा गडग्यावरून बघत म्हणाली, "तुमची अव्वा बघती तर म्हणती, लई बिगीबिगी चाललंय." आम्ही तिघंही हसलो. तुम्ही गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा हसू आलं ते असं.

आणि काल ते पोचले. मी एकेक देत होते आणि भावजी देवळीत ठेवत होते. रुमी टोपीवाला शेवटी. चांदणी ओसरीत टांगली. सगळ्या वस्तीच्या चांदण्या केव्हाच उतरलेल्या, रस्त्यावर अंधार, आणि आपल्याच घरावर दिवा. बाजाराहून परतणाऱ्या एकानं विचारलं, "काय साहेब, नाताळ होऊन गेला की कवाच!" भावजी शुद्ध बोलणारे. माझ्या उच्चारांनासुद्धा नावं ठेवणारे. पण ते पायरीवर उभे राहून म्हणाले,

"झाला आसंल. आमचे आत्ता येलालेत."

तुमचाच आवाज आत्याबाई. मी आत वळले ती त्यामुळं. तुमच्या त्या "कुणासाठी?"चं उत्तर माझ्यासमोर पायरीवर उभं होतं, नखांत अजून पांढरी माती असलेलं. तुमचे पाव्हणे ओसरीत पोचले. ते तुम्हाला बघायला मिळालं नाही, ह्याचं दुःख मी लपवत नाही. ते राहणारच.

काल रात्रीच मागींची तोंडं परतीला वळवली. बायबलात आहे तसे ते आल्या वाटेनं परत जात नाहीत, दुसऱ्या वाटेनं जातात, म्हणून तुम्ही त्यांना गडग्यावरून नागम्माकडं द्यायचात. तिच्याकडं एक रात्र मुक्काम, आणि सकाळी बैलांच्या कपाळाला विभूतीचे पट्टे घेऊन परत. तुम्ही ते कधी पुसले नाहीत. "वाटंत भेटलेल्यानं दिलंय, राहू दे," म्हणायचात. आजही ती पट्टे ओढूनच घेऊन आली. मग मी टोपलीत नवा कडबा घातला, तिघांना निजवलं आणि टोपली भावजींच्या हातात दिली.

त्यांना वाटलं थट्टा करते. "तूच तर देत नव्हतीस," म्हणाले.

"दुसऱ्या वाटेनं निघालेत," मी म्हटलं. "यंदा सोलापूरवरून. पण आगमनाच्या पहिल्या रविवारी परसदारी हजर पाहिजेत. आणायचं तुम्ही. आणि ते पोचेपर्यंत मुक्काम तुमचा इथंच. रजा आत्तापासून लिहून ठेवा."

"महिनाभर कोण रजा देतंय, एस्तेर!"

"मग येऊन ठेवून जा, आणि पोचायच्या वेळेला परत या. ते मी चालवून घेईन. आणि नाही आणलेत तर ह्या घरात नाताळ निघणारच नाही. ओसरीही सारवली जाणार नाही. तुमच्या आईच्या ओसरीचे पोपडे वर्षभर लोकांना दिसतील."

ते हसले, आणि डोळ्यांवरून शर्टाची बाही फिरवली. टांग्यात टोपली मांडीवर घेऊन बसले. टांगेवाला म्हणाला, मागं ठेवा की साहेब. म्हणाले, नको, मांडीवरच बरी आहे. मोडापर्यंत असेच गेले असणार, आणि बसमध्ये तसेच सोलापूरपर्यंत. काचेच्या कपाटात ठेवायचे की नाही ते त्यांचं ते बघतील. मला डिसेंबराशी मतलब आहे.

देवळी आता रिकामी आहे आणि ओसरी तुम्ही असताना कधी झाली नाही इतकी पांढरी दिसते. हे म्हणतात, दादा आणतील, दिलेला शब्द मोडणारे नाहीत. मलाही तसंच वाटतं. पण नाही आणले, तर तुमच्यासारखी दारात उभी राहून चांदणीची वात सारखी करत बसणारी मी नाही, हे तुम्ही आजच ऐकून ठेवा. तुमच्या बैलगाडीच्याच चालीनं जाईन, वाटेत मुक्काम करत, पण सोलापूरला जाईन आणि त्यांना घेऊन येईन. चौघांनाही.